गोष्ट जागेवर सांगायची

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात एका सकाळी आम्ही आमच्या ॲपचा पहिला नमुना नववीतल्या एका मुलाच्या हातात दिला. फोन तटाकडे धरला की भिंतीपुढे आदिलशाही शिपाई उभे राहत, तोफेचा गाडा करकरत पुढे येई, बत्ती लागे आणि धुराचा लोट उठे. त्यामागे आमचे अकरा महिने गेले होते. मुलगा आठ मिनिटे जागचा हलला नाही. आम्ही खुशीत होतो. गोष्ट संपल्यावर सहज विचारले, "तट कसा वाटला रे?" तेव्हा त्याने मान वर करून समोरच्या दगडांकडे पाहिले. पहिल्यांदाच पाहिले.

तो नमुना आम्ही मोडीत काढला. शिपाई उत्तम वठले होते, धूर खरा वाटत होता; पण तो सगळा खेळ एखाद्या सोसायटीच्या कंपाउंडपुढेही तितकाच रंगला असता. ज्या जागेसाठी हा उद्योग मांडला, ती जागाच आमच्या गोष्टीने झाकून टाकली होती. या पुस्तकात पुढे जे काही आहे, ते त्या एका चुकीच्या दुरुस्तीतून आलेले आहे. गोष्ट संपल्यावर माणसाला ती जागा आधीपेक्षा जास्त दिसली पाहिजे. दिसली नाही, तर ॲप कितीही देखणे असो, ते फसले.

विषय नवा आहे, म्हणून आधी थोडे मूळ सांगतो. 'मिक्स्ड रिॲलिटी' हा शब्द रूढ झाला तो पॉल मिलग्राम आणि फुमिओ किशिनो यांच्या १९९४ च्या निबंधामुळे. त्यांनी एक रेघ कल्पिली. एका टोकाला आपले रोजचे जग, दुसऱ्या टोकाला संपूर्ण संगणकाने रचलेले जग. या दोन टोकांच्या मधे जे जे येते ते मिश्र वास्तव. डोळ्यांवर चढवायच्या बंद पेटीत खोली दिसेनाशी होते. मिश्र वास्तवात खोली तशीच राहते आणि रचलेल्या वस्तूला खोलीचे भान असावे लागते. दिवा टेबलावर टेकला पाहिजे, मांजर खांबामागे गेले तर दिसेनासे झाले पाहिजे. हे कसे साधते? फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्यातले ठळक बिंदू टिपतो: दगडाची कड, भेग, खिडकीचा कोपरा. फोनमधला संवेदक स्वतःचे वळणे-सरकणे मोजत असतो. ही दोन्ही मापे सेकंदाला कितीतरी वेळा एकमेकांशी ताडून फोन ठरवतो की मी इथे आहे आणि भिंत तिथे आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये संगणकाने रचलेली चित्रे डोळ्यांपुढे आणणारे पहिले शिरस्त्राण केले, तेव्हा त्याचे वजन डोक्याला पेलत नव्हते, ते छताला टांगावे लागे. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो'ने हा खेळ रस्त्यावर आणला. पुढल्याच वर्षी ॲपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर ही फोनसाठीची साधने आणली आणि ही विद्या खिशातल्या फोनमध्ये आली.

चष्म्यांचा मोह आम्हालाही पडला होता. पण ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये आला तो ३,४९९ डॉलरांना. सोलापुरात ज्याच्यासाठी गोष्ट रचायची, त्याच्या हातात काय आहे, हे पाहूनच साधन निवडावे लागते. शिवाय यंत्रे येतात आणि जातात. गूगलने फोनसाठीचा 'टँगो' प्रकल्प २०१८ मध्ये बंद केला, मायक्रोसॉफ्टने 'होलोलेन्स' चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले. ज्यांनी आपली गोष्ट त्या एका यंत्राच्या अंगाने रचली, त्यांची गोष्ट यंत्राबरोबर अडगळीत गेली. म्हणून या पुस्तकात यंत्रावर एकच प्रकरण आहे आणि तेही शेवटाकडे.

आता आमच्या पूर्वजांविषयी. हे क्षेत्र परदेशात जन्मले आणि आपण ते उचलले, असे आमच्या पिढीतल्या बहुतेकांना वाटते, मलाही वाटत होते. पण चित्र, उजेड, आवाज आणि समोर बसलेला माणूस यांची जुळणी करून गोष्ट सांगायचा धंदा महाराष्ट्रात जुना आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचचित्रांचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे पडदा. काच सरकवून चित्रातल्या पात्रांना हालचाल द्यायची आणि सोबत निवेदन. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला १९१३ मध्ये, म्हणजे त्याच्याही किती आधी हे चालले होते. साधन स्वतः घडवायचे, कथा स्वतः निवडायची, तिकीट लावून गावोगाव न्यायचे: आज ज्याला आपण स्टार्टअप म्हणतो त्याची सगळी अंगे या उद्योगात होती.

चित्रकथीचा तर मी ऋणी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजातले कलाकार सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात घेतात. एक चित्र उभे धरायचे, कथा गायची, ते चित्र खाली ठेवायचे आणि दुसरे उचलायचे. चित्र हलत नाही. हलतो तो आवाज, आणि त्या आवाजाच्या जोरावर ऐकणाऱ्याच्या मनात रावण उठून उभा राहतो. मला सगळ्यात जास्त शिकवले ते दोन चित्रांमधल्या रिकाम्या क्षणाने. एक चित्र खाली गेले आहे, दुसरे वर आलेले नाही, गाणे चालूच आहे. त्या क्षणी समोर काहीच नसते आणि तेव्हाच माणूस सर्वांत जास्त पाहत असतो. आम्ही आमच्या ॲपमध्ये पडदा कधीच रिकामा ठेवला नव्हता. रिकामा ठेवायला भीती वाटत होती, की लोक कंटाळतील.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या घरचा गुरांचा गोठा आवरून त्यात या कलेचे संग्रहालय उभारले. गोठ्यावरून मला आमच्या सोलापूर जिल्ह्यातली एक जागा आठवते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा. रणजितसिंह डिसले गुरुजी तिथे रुजू झाले तेव्हा शाळेच्या मोडक्या इमारतीच्या एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला अडगळीची खोली होती. त्या शाळेतून पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापायची कल्पना निघाली: पानावरचा चौकोन फोनला दाखवला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरांच्या त्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला.

काटेकोर व्याख्येने क्यूआर कोडचे पुस्तक मिश्र वास्तवात बसत नाही, हे मला मान्य आहे. त्यात यंत्राला खोलीचे भान नसते. तरीही या विषयाला हात घालणाऱ्या मराठी माणसाने परितेवाडीपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. कारण तिथे रचनेचा सगळ्यात अवघड प्रश्न सुटला होता: दार कुठे ठेवायचे. मुलाचे पुस्तक मुलाच्या हातातच राहिले. फोन घरातल्या मोठ्यांचा, तो हवा तेव्हा मागून घ्यायचा आणि परत करायचा. नव्या जगात शिरायचे दार मूल आधीच जिथे बसले आहे, त्या पानावर होते. आमच्या पहिल्या नमुन्यात दार होते ते ॲपच्या दुकानात, मग नोंदणीत, मग परवानग्यांच्या चार पाट्यांमागे. लोक दारातूनच परत गेले. आज आमच्याकडे नाव विचारले जात नाही, नोंदणी नाही आणि कॅमेऱ्यातले चित्र फोनच्या बाहेर जात नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती मागतो. आम्ही कुणाची वैयक्तिक माहितीच घेत नाही, हा त्यावरचा सगळ्यात स्वच्छ मार्ग.

जागा आणि गोष्ट यांचा सांधा पाहायचा तर सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी या गावाच्या परिसरात अडुसष्ट लिंगे स्थापन केली. दर संक्रांतीला सात नंदीध्वज त्या लिंगांच्या वाटेने निघतात आणि मागून गाव चालते. सिद्धरामेश्वरांशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, ही त्यामागची कथा. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा हजारो माणसे त्या लग्नाची वऱ्हाडी असतात. गोष्ट अशी गावभर पेरून ठेवलेली आहे आणि ती वाचायची पद्धत म्हणजे चालणे.

नंदीध्वजांच्या त्या वाटेने आम्ही यात्रा नसताना, ऐन पावसाळ्यात, वहीपेन घेऊन दोन दिवस चाललो. तोपर्यंत आमचा सगळा विचार ठिकाणांचा होता: इथे हे दाखवू, तिथे ते ऐकवू. चालताना कळले की दोन ठिकाणांमधले अंतर हाही गोष्टीचा भाग आहे. पाय दमतात, ऊन बदलते, मागचे ऐकलेले मनात मुरते. त्यानंतर ॲपची रचना उलटी झाली. चालताना ॲप गप्प असते आणि फोन खिशात असतो. रहदारीतून चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पडदा धरायला लावणे हा गुन्हाच आहे, पण ते कारण दुय्यम. मुख्य कारण हे की मुरायला वेळ लागतो.

त्याच वेळी आणखी एक निर्णय झाला. खुद्द यात्रेवर आम्ही काही रचणार नाही. ती जिवंत परंपरा आहे, तिचे मानकरी आहेत, तिला आमच्या थराची गरज नाही. कुणाच्या भक्तीवर चित्र चढवायचा अधिकार कॅमेरा हातात असल्याने मिळत नाही. संस्थापकाला अशी पाच-सहा 'नाही' आधी लिहून ठेवावी लागतात, कारण पैसे देणारा समोर बसला की सुचत नाहीत.

आता भुईकोट किल्ल्याची दुसरी खेप सांगतो. या किल्ल्याच्या इतिहासात लढाया पुष्कळ आहेत, पण त्यातली निम्मी भांडणे लग्नाच्या बोलीवरून झाली. १५२४ च्या सुमारास आदिलशाही घराण्यातली मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि लढाया पेटल्या. पुढे निजामशाहीची चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा हाच किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईत दोन्ही शाह्या एका बाजूने उभ्या राहिल्या, त्याआधीची ही सोयरीक. म्हणजे एकाच किल्ल्याची बोली दोन नवऱ्या मुलींच्या नावाने झाली. नव्या रचनेत आम्ही शिपाई काढले, तोफ काढली. दरवाजाच्या कमानीखाली फक्त एक मेणा येऊन थांबतो. त्याचा पडदा उघडत नाही. आतून एका मुलीचा आवाज येतो, ती विचारते की मला ज्या दगडांच्या जोडीने तोलले, ते दगड कसे आहेत मला सांगाल का. मग ती सांगते, फोन खाली करा आणि भिंतीला हात लावा. पडदा काळा होतो. आवाज चालू राहतो.

फोन खाली गेला की त्याचा कल बदलतो आणि तो मोजता येतो. आमच्या क्षेत्रात सगळे जण पडद्यावर डोळे किती वेळ खिळले याचे आकडे ठेवतात. गुंतवणूकदारही तेच मागतात. आम्ही फोन किती वेळा खाली गेला आणि किती वेळ खाली राहिला ते मोजतो. या उद्योगाला मी काही नवे दिले असेन तर हे एवढेच माप. त्यावर पुस्तकात पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

चादरीचा किस्सा मात्र इथेच सांगितला पाहिजे, कारण यंत्र काय पाहते हे मला त्यातून कळले. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक आहे, ती देशभर जाते. कल्पना अशी होती की पुण्या-मुंबईत, नागपुरात, कुठेही ही चादर अंथरावी, तिच्यावर फोन धरावा आणि तेलंगणातून इथे आलेल्या पद्मशाली विणकरांची गोष्ट त्या चादरीवर उभी राहावी. गाव चादरीबरोबर प्रवास करील. फोनला ओळखायला ठळक कोपरे आणि गडद-फिक्या रंगांचा विरोध लागतो. चादरीत दोन्ही भरपूर. आम्हाला वाटले, ही तर यासाठीच विणली आहे.

प्रयोग फसला. गोष्टीतला माग चादरीवर उभा राहायचा आणि दुसऱ्या क्षणी वीतभर बाजूला उडी मारायचा. कारण शोधायला तीन आठवडे लागले आणि कळल्यावर ते अगदी साधे निघाले. चादरीवर तेच फूल दर वितीला पुन्हा येते. माणसाला ती नक्षी वाटते. यंत्राला प्रश्न पडतो की यातले कोणते फूल? ते प्रत्येक फुलाला पहिलेच फूल समजते आणि गोंधळते. त्यात कापड सुरकुततेही.

शहराच्या पूर्व भागातल्या एका जुन्या जेकार्ड कारागिराला आम्ही ही अडचण सांगितली. फोनमधले त्यांना काही माहीत नव्हते, पण पुनरावृत्ती म्हणजे काय हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? जेकार्डच्या मागावर आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक भोकांचा पुठ्ठा असतो. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. पुठ्ठ्यांची माळ फिरून पहिल्यावर आली की नक्षी पुन्हा सुरू. ते म्हणाले, माळेत जे एकदाच येते तिथे तुमचे यंत्र लावा. आणि त्यांनी चादरीच्या टोकाला विणलेल्या कारखान्याच्या नावावर बोट ठेवले. नाव विणायची ती जुनी रीत आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही फुलांकडे पाहत बसलो होतो. आता गोष्टीचा खुंटा त्या नावावर ठोकलेला आहे, आणि गोष्ट सुरू होते तीही ते नाव विणणाऱ्या हातांपासून. फ्रान्सच्या जाकार यांनी १८०४ मध्ये हा माग सिद्ध केला. त्याच पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. ज्या यंत्राने आम्ही गोष्ट सांगतो, त्याचे आजोळ मागाच्या घरात आहे. सोलापूरच्या मुलांना हे शाळेत सांगितले पाहिजे.

उन्हाविषयी थोडक्यात. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. कॅमेरा, संवेदक आणि चित्र एकाच वेळी चालवणारा फोन अशा उन्हात काही मिनिटांत तापतो, पडदा मंद होतो आणि भर दुपारी तर काहीच दिसत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावर खुंटा धरत नाही, कारण पाणी हलते आणि उजेड परततो. या अडचणींनी आम्हाला आवाजाकडे ढकलले आणि ते बरेच झाले. आमच्या बहुतेक गोष्टी आज डोळे मिटूनही ऐकता येतात. चित्र येते ते कुठेतरी एकदा, नेमक्या क्षणी.

मोठ्या शहरांत काम करणाऱ्यांना एक सोय असते, तिचीही नोंद करतो. रस्त्यांची छायाचित्रे आधीच नकाशात भरलेली असली तर फोन समोरची इमारत पाहून स्वतःची जागा बिनचूक ओळखतो. गूगलचे स्ट्रीट व्ह्यू २०२२ च्या जुलैत भारतात आले तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती, सोलापूर नव्हते. नुसत्या उपग्रहाच्या भरवशावर राहिले तर जागा काही मीटर इकडेतिकडे होते, आणि कमानीखाली थांबायचा मेणा पलीकडच्या गटारात थांबतो. म्हणून प्रत्येक जागेचे मोजमाप आम्ही पहाटे उठून, सावल्या पडायच्या आत, स्वतः केले. संरक्षित वास्तूंचे नियम पाळायचे, परवानग्या घ्यायच्या, खिळा ठोकायचा नाही. कष्ट पडले, पण त्या पहाटांनी आम्हाला गाव दाखवले. ज्याला तयार नकाशा मिळाला असता, त्याला सकाळी तटाच्या कुठल्या भागावर पहिले ऊन पडते हे कळले नसते.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत जवळचा. पहिले निवेदन आम्ही अगदी शुद्ध, कसलेल्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. लोकांनी आदराने ऐकले आणि आदरानेच फोन परत दिला. मग आमच्यातल्याच एकाने गमतीत "काय करूलालास बे" अशा सुरुवातीने तीच गोष्ट सांगितली, तेव्हा रिक्षा स्टँडवरची माणसे जवळ सरकली. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी-उर्दू शेजारी राहतात आणि एकमेकींच्या घरात येजा करतात. चार भाषांत भाषांतर करायचे, हा सोपा मार्ग आम्ही सोडला. जागा एकच, पण भाषा बदलली की सांगणारा बदलतो. तलावाकाठी कन्नडमधून ऐकाल तर सिद्धरामेश्वरांच्या वचनांच्या भाषेतली गोष्ट भेटेल. तेलुगूतून ऐकाल तर मागावरचा माणूस सणाच्या दिवशी या काठावर का येतो ते कळेल. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना विचारावे, तुला काय ऐकू आले? तेवढ्यासाठी हा खटाटोप.

आणि चार हुतात्मे. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले, गोळीबार झाला, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. चौघे चार समाजांतले. त्यांच्या पुतळ्यांच्या चौकात काय दाखवायचे, यावर आमच्यात महिनाभर वाद चालला. जमाव दाखवता आला असता, जळते ठाणे दाखवता आले असते. तरुण मंडळींना ते हवेच होते, आणि तंत्राने ते शक्यही होते. मी नको म्हणालो आणि त्या निर्णयाची जबाबदारी माझी आहे. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर आपण रचलेले हावभाव चढवायचे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे, याला मी गोष्ट मानत नाही. त्या चौकात आमच्या ॲपमध्ये काहीही दिसत नाही. चार आवाज चार नावे उच्चारतात आणि पुढची वीस सेकंदे चौकातली रहदारी तशीच ऐकू येते, कारण ती त्यांच्या गावची रहदारी आहे.

आमच्याकडची हुशार मुले इथल्या महाविद्यालयांतून संगणक शिकतात आणि पहाटेच्या गाडीने पुण्याला जातात. त्या गाडीचे नाव हुतात्मा एक्सप्रेस. तिकिटावर नाव छापलेले असते. ते कुणाचे, असे मी डब्यात कितीदा विचारले आहे. बहुतेकांना माहीत नव्हते. दोष त्यांचा नाही. त्यांना कुणी त्या जागेवर उभे करून सांगितले नव्हते.

पैशाचे सांगायचे तर, आमचा हिशेब अजून पूर्ण जुळलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या बीज निधी योजनेने नमुना घडवण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. अशा योजनेसाठी अर्ज कसा करावा ते परिशिष्टात आहे. माझे मत विचाराल तर पहिला ग्राहक गावातच शोधावा. चादरीच्या व्यापाऱ्याला गोष्ट हवी असते, शाळेला सहलीसाठी हवी असते, बाहेरगावच्या पाहुण्याला दुपार घालवायला हवी असते. त्यांच्याकडून मिळणारा पैसा थोडा असतो, पण तो देणारा माणूस परत भेटतो आणि काय चुकले ते तोंडावर सांगतो. जागेवर जाहिरात चढवायची मागणी मात्र दुसऱ्याच महिन्यात येते. किल्ल्याच्या तटावर साबणाची बाटली उभी करायला कुणी मोठी रक्कम देऊ करील. ती घेतलीत तर तट तुमच्या हातून गेला.

हे पुस्तक प्रोग्रॅमिंग शिकवत नाही. ती शिकवणारी चांगली साधने आज घरबसल्या मिळतात. इथे जागा कशी वाचावी, तिच्यातली कुठली गोष्ट निवडावी, कुठे गप्प बसावे, कुणाला विचारावे आणि कुणाला नकार द्यावा, एवढेच आहे. उदाहरणे सोलापूरची आहेत, कारण मला दुसरे गाव इतके ठाऊक नाही. तुम्ही मंगळवेढ्याचे असाल, बेळगावचे असाल किंवा वसईचे, तर उदाहरणे बदलून घ्या.

पहिल्या प्रकरणानंतर एक पान कोरे सोडले आहे. ते घरात बसून भरू नका. तुमच्या गावातल्या एका जागी जाऊन तासभर उभे राहा, फोन खिशातच असू द्या, आणि तिथे रोज बसणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की इथे पूर्वी काय होते. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्या पानावर उतरवा. मग दुसरे प्रकरण उघडा.